वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे : औषध पोटात गेले, ते बाहेर कधी पडते?

या खेपेला आलेल्या पत्रांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक पत्रलेखकाने घरातल्या कुत्र्याला किंवा मांजराला औषध दिले आहे किंवा द्यायचे आहे, आणि मात्रेचा विचार करताना मुख्यतः जनावराच्या आकाराकडे पाहिले आहे. जीव लहान म्हणून गोळी अर्धी, जीव मोठा म्हणून अख्खी, असा हा हिशेब असतो. वजन महत्त्वाचे आहेच, आणि ते अंदाजाने न धरता काट्यावर मोजावे असा माझा नेहमीचा आग्रह आहे. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग आपले एकट्याचे वजन वजा करावे, एवढे घरच्या घरी होते. परंतु एखादे औषध त्या विशिष्ट प्राण्याच्या शरीरातून किती वेगाने आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे ठाऊक असल्याशिवाय नुसत्या वजनावरून मात्रा निघत नाही. पत्रे थोडक्यात छापली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या तीन किलोच्या मांजरीचे अंग गरम लागले, म्हणून नातवासाठी आणलेले पॅरासिटामॉलचे पातळ औषध (५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम) अर्धा चमचा पाजले. संध्याकाळपर्यंत तिचे तोंड सुजले आणि ती धापा टाकू लागली. चार दिवस दवाखान्यात ठेवल्यावर ती वाचली. जे पाच वर्षांच्या मुलाला चालते, ते कमी प्रमाणात मांजराला का चालू नये? (एक आजी, सांगली)

तुमची मांजर वाचली हे वाचून फार बरे वाटले. घडलेले तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मी तुमचा आभारी आहे, कारण अशा अवस्थेतली मांजरे माझ्या दवाखान्यात वरचेवर येतात आणि त्यांतली सगळी वाचत नाहीत.

आधी हिशेब पाहू. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिलिलिटर, आणि त्यात १२५ मिलिग्रॅम औषध आले. तीन किलोच्या मांजरीला ते किलोमागे ४० मिलिग्रॅमहून अधिक झाले, तर मुलांना डॉक्टर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात. म्हणजे 'थोडेसेच' म्हणून पाजलेले औषध वजनाच्या मानाने नातवाच्या सुमारे तिप्पट होते. पण तुम्ही अगदी काटेकोर मोजून नातवाच्याच प्रमाणात दिले असते, तरीही धोका टळला नसता. मांजरांत किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या मात्रेनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित अशी मात्राच नाही.

याचे कारण यकृतात आहे. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलच्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल जोडते. ते जोडले गेले की औषध पाण्यात सहज विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. हे जोडकाम करणारे जे एन्झाइम आहे, त्याचे जनुक मांजराच्या शरीरात निकामी अवस्थेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगलेल्या या प्राण्याला वनस्पतींतली विषद्रव्ये निस्तरण्याची गरज पडली नाही आणि ते जनुक मोडकळीला आले, असे अभ्यासक मानतात. दुसरी एक वाट सल्फेट जोडण्याची आहे, पण ती अरुंद असून लवकर तुंबते. मग उरलेल्या औषधाचे एका जहाल पदार्थात रूपांतर होते. या पदार्थाला निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन संपले, की तांबड्या रक्तपेशींवर हल्ला होतो. मांजराचे हिमोग्लोबिन अशा हल्ल्यापुढे विशेष दुबळे असते. त्याचे मेथहिमोग्लोबिन बनते आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मांजर श्वास घेत असते, फुप्फुसे चांगली असतात, पण रक्त रिकामेच फिरत असते.

हे डोळ्यांना दिसते, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमारास एक पांढरा बोका टेबलावर आला होता. ओठ वर करून पाहिले, तर हिरड्या गुलाबी नव्हत्या, पाण्यात कालवलेल्या कोकोसारख्या तपकिरी होत्या. पुढचे पंजे आणि गाल फुगले होते. सुईने काढलेल्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. एरवी असा काळसर थेंब हवा लागली की लाल होऊ लागतो, पण हा तपकिरीच राहिला. मालकांना औषधाविषयी विचारले तेव्हा त्यांनी प्रथम नाही म्हटले, मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. त्यांचा संकोच मला समजत होता, पण त्या संकोचात दहा मिनिटे गेली.

या विषबाधेवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो ग्लुटाथायोनची भरपाई करतो. सुरुवातीला किलोमागे १४० मिलिग्रॅम आणि नंतर दर सहा तासांनी ७० मिलिग्रॅम अशी त्याची प्रचलित मात्रा आहे, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. मांजराने गोळी गिळल्याचे लक्षात आले, तर लक्षणांची वाट पाहू नये. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण त्याने दुसरेच संकट ओढवते. औषधाची पट्टी किंवा बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

याच ओघात कांद्याविषयी लिहितो, कारण तो आपल्या प्रत्येक रश्श्यात असतो. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्येही मांजराच्या तांबड्या पेशींना याच प्रकारे इजा करतात, आणि शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत. मटणाचा तुकडा धुऊन घातला तरी रस्सा त्यात मुरलेला असतो, म्हणून मांजरासाठी काढायचा तुकडा फोडणीपूर्वीच बाजूला काढावा.

ॲस्पिरिनचीही गोष्ट याच वाटेवरची आहे. कुत्र्याच्या रक्तातले ॲस्पिरिन निम्म्यावर यायला साधारण आठ तास लागतात, मांजराला सुमारे दीड दिवस लागतो. म्हणून हृदयविकाराच्या काही मांजरांना आम्ही ते देतो तेव्हा दोन ते तीन दिवसांच्या अंतराने देतो. 'दिवसातून तीनदा' ही माणसाची सवय तिथे जीवघेणी ठरते.

प्रश्न : आमच्या ३० किलोच्या लॅब्रेडॉरला थायरॉइड कमी असल्याचे निदान झाले. पशुवैद्यांनी लेव्होथायरॉक्सिनच्या १०० मायक्रोग्रॅमच्या सहा गोळ्या सकाळी आणि सहा संध्याकाळी लिहून दिल्या. औषधविक्रेता म्हणतो, ही चूक आहे, धडधाकट माणसालाही दिवसाला एकच गोळी लागते. आम्ही घाबरून एकच गोळी देत आहोत. (नाशिक)

औषधविक्रेत्याने शंका घेतली हे त्याचे कर्तव्यच होते, आणि अशी शंका घेणारा दुकानदार मला आवडतो. मात्र पशुवैद्यांची मात्रा चूक नाही. किलोमागे २० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, ही कुत्र्यासाठी सुरुवातीची रूढ मात्रा आहे. ३० किलोला ती ६०० मायक्रोग्रॅम येते, म्हणजेच एका वेळी सहा गोळ्या.

हा मांजराच्या उलटा प्रकार आहे. माणसाच्या रक्तातले थायरॉक्सिन निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, कारण ते रक्तातल्या प्रथिनांना घट्ट धरून राहते. कुत्र्यात ही पकड सैल असते आणि तेच काम आठ ते सोळा तासांत होते. शिवाय आतड्यातून ते कमीच शोषले जाते. जे इतक्या झपाट्याने निघून जाते ते तितक्याच हाताने भरावे लागते, म्हणून किलोचा हिशेब धरला तर कुत्र्याला माणसाच्या वीसपटीहून अधिक थायरॉक्सिन लागते. एका गोळीने तुमच्या कुत्र्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. त्याची सुस्ती, वाढलेले वजन आणि शेपटीवरचे झडलेले केस तसेच राहतील, आणि महिन्याभराने तुम्हालाच वाटेल की औषध निरुपयोगी आहे.

पशुवैद्यांशी बोलून पूर्ण मात्रा सुरू करावी. हृदयविकार असेल तर सुरुवात कमी मात्रेने करतात, तेवढे त्यांना विचारून घ्यावे. गोळ्या रोज एकाच पद्धतीने द्याव्यात, म्हणजे उपाशीपोटी तर कायम उपाशीपोटी. चार ते सहा आठवड्यांनी रक्ततपासणी करताना नमुना गोळी दिल्यापासून चार ते सहा तासांनी घ्यावा. कुत्रा अस्वस्थ राहू लागला, धापा टाकू लागला, पाणी फार पिऊ लागला किंवा खाऊनही रोडावू लागला, तर मात्रा जास्त होत आहे असे समजून कळवावे.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. निदान कशावरून झाले? दुसऱ्या कोणत्याही आजारात कुत्र्याचे थायरॉक्सिन तात्पुरते खाली येते, आणि फिट्सच्या गोळ्यांनीही येते. एका आकड्यावर आयुष्यभराचे औषध सुरू होऊ नये. सोबत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) पाहिलेले असावे आणि लक्षणेही जुळलेली असावीत.

प्रश्न : आमच्या १२ किलोच्या कुत्र्याला खरूज झाली आहे. शेजाऱ्यांनी गोठ्यातल्या गाईंसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन स्वतःच्या गावठी कुत्र्याला १ मिलिलिटर टोचले आणि तो बरा झाला. आमच्या कुत्र्याची आई कोली जातीची होती. त्यालाही तेच द्यावे का? (कोल्हापूर जिल्हा)

देऊ नका. तुम्ही आईची जात लिहिलीत हे फार चांगले केलेत, कारण सगळे उत्तर त्या एका वाक्यात आहे.

आयव्हरमेक्टिनने माणसांचे आणि जनावरांचे अपार भले केले आहे. त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध कृमींच्या आणि किडींच्या चेतापेशींना लुळे करते. तशाच प्रकारच्या जागा कुत्र्याच्या शरीरातही आहेत, पण त्या मेंदूत आहेत. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे एक प्रथिन पंपासारखे काम करते, आणि आत शिरू पाहणारे आयव्हरमेक्टिन ते परत रक्तात फेकते. हा पंप चालू आहे, तोवर औषध किडीला मारते आणि कुत्र्याला काही होत नाही.

कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत या पंपाचे जनुक सदोष असते. त्यातली चार अक्षरे गळलेली असतात, त्यामुळे प्रथिन अर्धवटच तयार होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हा दोष दाखवून दिला. त्यापूर्वी कोली कुत्री आयव्हरमेक्टिनने का दगावतात हे कोडेच होते. ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेटलंड शीपडॉग यांच्यातही हा दोष आढळतो, आणि काही जर्मन शेफर्डमध्येही. दोन्ही पालकांकडून दोष आला असेल, तर किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून पुढे विषबाधा होऊ शकते.

आता शेजाऱ्यांच्या मात्रेचा हिशेब करा. गाईंसाठीचे हे इंजेक्शन १ टक्क्याचे असते, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, आणि त्याची मात्रा ५० किलो वजनाला १ मिलिलिटर आहे. १२ किलोच्या कुत्र्याला १ मिलिलिटर टोचले, तर किलोमागे ०.८ मिलिग्रॅमहून जास्त जाते, म्हणजे गाईच्या चौपट. तुमच्या कुत्र्यात हा दोष दोन्ही पालकांकडून उतरला असेल, तर विषबाधा होते त्या मात्रेच्या हे आठपट झाले. शेजाऱ्यांचा कुत्रा निभावला, कारण त्याचा पंप शाबूत होता. गाईच्याच प्रमाणात द्यायचे म्हटले, तर १२ किलोला जेमतेम चतुर्थांश मिलिलिटर येते, आणि शेजाऱ्यांनी वापरली असेल तशा ५ मिलिलिटरच्या सिरिंजवर ते नीट मोजताही येत नाही, हे गोठ्यातली सिरिंज हातात घेऊन पाहिले तर पटेल.

विषबाधा झाली तर कुत्रा आधी झोकांड्या खातो, लाळ गाळतो, बाहुल्या मोठ्या होतात आणि त्याला दिसेनासे होते, मग तो बेशुद्ध पडतो. यावर नेमका उतारा नाही. सलाइन, ऊब, कूस बदलणे आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास यांच्या आधारावर औषध आपोआप बाहेर पडण्याची वाट पाहावी लागते, आणि ज्याचा पंपच मोडलेला आहे त्याच्या बाबतीत ती वाट कित्येक दिवसांची असते.

खरजेवर आता दुसरे चांगले उपाय आहेत. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडा पाहून घ्यावा. नंतर फ्लुरालानर किंवा त्याच वर्गातले तोंडावाटे द्यायचे औषध वजनाप्रमाणे देता येते आणि गोचिडांचाही बंदोबस्त होतो. फिट्स येणाऱ्या कुत्र्यांत हा वर्ग जपून वापरावा लागतो, एवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि तुमच्या कुत्र्याच्या कागदावर ठळक अक्षरांत 'आई कोली' असे लिहून ठेवा, कारण जुलाबावरचे लोपेरामाइड हे साधे वाटणारे औषधही याच पंपाच्या भरवशावर सुरक्षित असते.

प्रश्न : कुत्र्यासाठी आणलेले मानेवर टाकायचे पिसवांचे औषध उरले होते. त्यातले थोडे मांजरीला लावले तर चालेल का? (मडगाव)

वेष्टनावर पर्मेथ्रिन हा शब्द असेल, तर एक थेंबही नको. कुत्र्यांसाठीच्या अशा काही औषधांत पर्मेथ्रिनचे प्रमाण ४५ टक्क्यांहून जास्त असते, आणि मांजराचे यकृत त्याची विल्हेवाट लावू शकत नाही. काही तासांत कान आणि चेहरा फडफडू लागतो, मग सर्वांग थरथरते आणि झटके येतात. चुकून लावले गेलेच, तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य द्रवसाबण यांनी लगेच अंग धुऊन, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात न्यावे. घरात दोन्ही प्राणी असतील, तर कुत्र्याला औषध लावल्यावर दोन-तीन दिवस मांजरीला त्याच्याजवळ झोपू किंवा त्याला चाटू देऊ नये.

प्रश्न : आमच्या १८ किलोच्या कुत्रीला गोचीड ताप झाला. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळ-संध्याकाळ २८ दिवस सांगितली आहे. पाचव्या दिवशी ती चेंडू खेळू लागली. एवढे अँटिबायोटिक पोटात घालायचे जिवावर येते. बंद करू का? (ठाणे)

तुमची काळजी खरी आहे, आणि उगाच अँटिबायोटिक देऊ नये या मताचा मीही आहे. पण इथे २८ दिवस पुरे करावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हा ताप आणणारा अर्लिकिया नावाचा जंतू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो आणि प्लीहेत दडून बसतो. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांतच खाऊ लागतात. हा आराम खरा असतो, पण तो जंतूंची संख्या घटल्याचा असतो, ते संपल्याचा नसतो. अर्ध्यावर सोडलेली कुत्री काही महिन्यांनी नाकातून रक्त गळत किंवा पोटावर जांभळे ठिपके घेऊन परत येतात. तोवर अस्थिमज्जा थकलेली असते, आणि मग कोणतेही औषध पुरे पडत नाही. दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम ही मात्रा रूढ आहे. तुमच्या कुत्रीला ती जवळपास अकरा पडते, तेव्हा प्रमाण योग्य आहे.

गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, म्हणून घासातून द्यावी. कॅल्शियमचे टॉनिक, लोहाचे औषध किंवा दूध त्याच वेळी देऊ नये, कारण ती गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी उतरत नाही. कॅल्शियम द्यायचेच असेल, तर गोळीपासून काही तासांचे अंतर ठेवावे. औषध संपल्यावर प्लेटलेट पुन्हा मोजाव्यात. गोचिडाची अंडी भिंतीच्या भेगांत आणि कुत्र्याच्या बैठकीखाली असतात, तिथे उपाय न केल्यास २८ दिवसांची मेहनत पुन्हा सुरू होते.

हीच गोळी मांजराला द्यायची वेळ आली, तर कोरडी देऊ नये. मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकून राहते, तिथे व्रण होतो आणि पुढे नळी आकसते. अशी मांजरे घास गिळतात आणि जशीच्या तशी बाहेर काढतात, ते पाहवत नाही. गोळीमागून सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी सावकाश पाजावे.

प्रश्न : आमच्या सात किलोच्या पॉमेरेनियनला फिट्ससाठी फेनोबार्बिटोन २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे. चार महिने एकही फिट आली नाही, आता महिन्यात दोन आल्या. औषध अंगात मुरले असे वाटते. आम्ही स्वतःहून गोळी दुप्पट करावी का? (नागपूर)

स्वतःहून दुप्पट करू नका आणि एकदम बंद तर मुळीच करू नका. एकाएकी थांबवल्यास एकामागून एक फिट्स येऊन कुत्रा हाताबाहेर जाऊ शकतो.

तुम्हाला वाटते आहे तसे औषध 'मुरलेले' नाही. फेनोबार्बिटोनला बाहेर काढणारी यकृतातली एन्झाइम फेनोबार्बिटोनच वाढवते. त्यामुळे पहिल्या महिन्यात जी मात्रा रक्तात भरपूर दिसत होती, तीच काही महिन्यांनी तोकडी पडते. म्हणून अंदाजाने न चालता रक्तातली पातळी मोजावी. ती साधारणतः दर मिलिलिटरला १५ ते ३५ मायक्रोग्रॅम असावी असे धरतात. पातळी कमी निघाली तर मात्रा बेताने वाढवून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजावे. पातळी पुरेशी असूनही फिट्स येत असतील, तर मात्रा वाढवण्यापेक्षा जोडीला दुसरे औषध द्यायचा विचार करावा, कारण वरच्या पातळीवर यकृताला धोका असतो. दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी चुकवू नये. फिट किती वाजता आली आणि किती मिनिटे टिकली, हे कॅलेंडरवर लिहीत राहा. ते कॅलेंडर आम्हाला फार उपयोगी पडते.

प्रश्न : न्यू जर्सीहून पुण्याला परतताना आमची मधुमेही मांजर सोबत आणली. तिथले ग्लार्जिन इन्सुलिन २ युनिट, दिवसातून दोनदा चालू आहे. सिरिंज संपल्या म्हणून इथून घेतल्या. तेव्हापासून ती दुपारी लडखडते आणि काल कोपऱ्यात निपचित पडली होती. इथले हवामान सोसत नसेल का?

तुमचे पत्र येताच मी फोनवर कळवले होते. इतरांच्या माहितीसाठी इथे लिहितो. दोष हवामानाचा नव्हता, सिरिंजच्या लाल टोपीचा होता.

तुमच्या कुपीतल्या १ मिलिलिटर इन्सुलिनमध्ये १०० युनिट असतात. भारतात १०० युनिटच्या जोडीने ४० युनिटचे इन्सुलिनही सर्रास मिळते, आणि त्यांच्या सिरिंज वेगवेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजला लाल टोपी असते आणि १०० च्या सिरिंजला नारिंगी. लाल टोपीच्या सिरिंजवर तुम्ही २ च्या खुणेपर्यंत भरले, म्हणजे ०.०५ मिलिलिटर घेतले. तुमच्या इन्सुलिनच्या हिशेबाने ते ५ युनिट झाले. मांजरीला दिवसातून दोनदा अडीचपट इन्सुलिन जात होते आणि दुपारी तिच्या रक्तातली साखर तळाला जात होती.

अशी मांजर शुद्धीवर असेल, तर लगेच खायला द्यावे. ती ग्लानीत असेल, तर मधाचे किंवा साखरेच्या पाकाचे बोट हिरड्यांवर चोळावे, तोंडात काही ओतू नये आणि दवाखाना गाठावा. पुढचे इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दर नव्या खोक्याच्या वेळी पाहावे. घरात इंजेक्शन देणारी दोन माणसे असतील, तर दोघांनीही पाहावे.

प्रश्न : आमच्या अकरा वर्षांच्या, नऊ किलोच्या कुत्र्याचे मागचे सांधे धरतात. वडिलांनी त्यांची आयब्युप्रोफेन ४०० ची गोळी तीन दिवस दिली. आता तो जेवत नाही आणि शी डांबरासारखी काळी होते. (रत्नागिरी)

हे वाचेपर्यंत तुम्ही दवाखान्यात गेला असाल अशी आशा आहे. काळी शी म्हणजे जठरात किंवा आतड्यात रक्तस्राव चालू आहे. एका गोळीने तुमच्या कुत्र्याला किलोमागे ४४ मिलिग्रॅम गेले, आणि कुत्र्यात साधारण २५ मिलिग्रॅमपासूनच जठराला इजा होऊ लागते. कुत्र्याच्या शरीरात हे औषध पित्तावाटे आतड्यात उतरते, तिथून पुन्हा शोषले जाते आणि असे फेरे घालत राहते. तीन दिवसांच्या तीन गोळ्या एकमेकींवर साचत गेल्या आहेत. गोळी थांबवली, एवढ्याने भागणार नाही. जठराच्या औषधांसोबत सलाइन आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिनची तपासणी आजच हवी.

पुढे सांध्यांसाठी पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम सुचवतील. त्याची मात्रा पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि नंतर ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तुमच्या कुत्र्याला रोज एक मिलिग्रॅमही लागत नाही. माणसांची साडेसात मिलिग्रॅमची गोळी त्याच्या आठपट होते, म्हणून कुत्र्यांसाठीचे पातळ औषध सिरिंजने मोजून द्यावे. (याच वर्गातल्या डायक्लोफेनॅकने गुरांच्या मढ्यांतून गिधाडांच्या मूत्रपिंडांचा घात केला, म्हणून २००६ साली भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, आणि २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेनवरही आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांनाही सोसते.) मात्र ते आता लगेच सुरू करता येणार नाही. आयब्युप्रोफेन शरीरातून पुरते निघून जायला हवे, शी पूर्ववत व्हायला हवी आणि क्रिएटिनिन ठीक यायला हवे. तोवर अंथरूण जाड करावे, गुळगुळीत फरशीवर चटया टाकाव्यात आणि जिन्यावरून त्याला उचलून न्यावे.